काटा, वारा आणि तळहात

"आमच्या गाडीचा काटा कधी वर चढतच नाही. घाटातसुद्धा नाही," सर कौतुकानं सांगत होते. निवृत्त शिक्षक, आणि गाडी १९९७ सालची पांढरी मारुती ८००. मामांनी बॉनेट वर केलं, काठीवर टेकवलं आणि म्हणाले, "सर, माणसाला ताप नसावा. इंजिनाला असावा लागतो."

संपादकांनी मला पुण्याच्या नाना पेठेत पाठवलं होतं ते जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारावर लिहायला. एका दुकानदारानं सहज विषय काढला, "पार्ट विकणारे शंभर आहेत, पण कुठला पार्ट बिघडलाय ते सांगणारा बघायचा असेल तर मागच्या गल्लीत जा." तिथं हे वायरमन भेटले. अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणते. मी बाजार सोडून तिथंच तीन दिवस बसले.

गाडीचा इतिहास थोडक्यात सांगते. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली, शेवटची जानेवारी २०१४ मध्ये तयार झाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. अनेक मराठी घरांतली ही पहिली चारचाकी. तिच्या डॅशबोर्डवर वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, इंजिनाच्या तापमानाचा काटा आणि थोडे दिवे एवढंच असायचं. मामांचा जीव गुंतला आहे तो या तिसऱ्या काट्यात.

मीटरच्या खोक्यात एक बारीक पट्टी असते, दोन वेगळ्या धातूंची, एकमेकींना चिकटवलेली. तिच्याभोवती तारेचं वेटोळं. वीज गेली की वेटोळं तापतं, दोन धातू कमीजास्त फुगतात, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. म्हणूनच चावी फिरवली की असा काटा उडी मारत नाही, सावकाश चढतो. वीज किती जाणार हे इंजिनावरचा सेन्सर ठरवतो. पाणी तापेल तसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो, वेटोळ्यातून जास्त वीज जाते आणि काटा वर येतो.

आता यातली खोच बघा. वायर तुटली तर वीज जातच नाही, काटा खाली. इंजिन थंड असलं तरी काटा खालीच. तुटलेली वायर आणि थंड इंजिन, दोघांचा चेहरा एकच.

मामांची पहिली परीक्षा अर्ध्या मिनिटाची. सेन्सरची वायर काढायची, चावी लावायची आणि वायरचं टोक क्षणभर बॉडीला टेकवायचं. काटा वर निघाला की लगेच काढून घ्यायचं, धरून ठेवलं तर मीटर जळतं. काटा हलला म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. नाही हलला तर दोष डॅशबोर्डच्या बाजूला. पेट्रोलचा काटाही याच जातीचा, फक्त तिथं सेन्सरच्या जागी टाकीतला फ्लोट. बॅटरीची वीज इंजिन चालू-बंद होताना बारा-चौदा व्होल्टच्या मध्ये हिंदकळते. काटे तिच्याबरोबर हिंदकळू नयेत म्हणून दोघांना एकाच रेग्युलेटरमधून वीज मिळते. "दोन्ही काटे एकदमच खोटं बोलायला लागले," मामा म्हणाले, "तर काट्यांना दोष देऊ नका. दोघांना जेवायला कोण घालतं ते बघा. रेग्युलेटर नाहीतर अर्थिंग."

सरांच्या गाडीचा काटा या परीक्षेत पास झाला. म्हणजे काटा खरं सांगत होता? मामांनी मान हलवली नाही. "एकाच साक्षीदारावर निकाल नाही द्यायचा, ताई. हिटर लावा."

हिटर हा दुसरा साक्षीदार होऊ शकतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं. या हिटरला स्वतःची आग नसते. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या कॉईलमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून वारा सोडतो. त्यामुळे काटा आणि वारा एकाच पाण्याची बातमी आणतात, पण वेगळ्या वाटेनं. काटा खाली आणि वारा कडक गरम, तर काटा खोटा. काटा वर आणि वारा थंड, तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या, पाणी कमी आहे किंवा फिरत नाही. दोन्ही थंड, तर दोन शक्यता. एक म्हणजे इंजिन खरंच तापत नाही. दुसरी भयंकर आहे: पाणीच संपलंय. सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लोंबतो, काटा निवांत खाली येतो आणि आत इंजिन भाजत असतं.

सरांच्या गाडीत वारा कोमट होता, तोही पायाशीच. वाऱ्याची दिशा बदलणारी दांडी काचेच्या खुणेवर सरकवली तरी काचेवर काही येईना. मूळ तक्रार तीच होती. पावसाळ्यात महाबळेश्वरला जाताना पसरणीच्या घाटात काच आतून पांढरी झाली आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, रुमालानं पुसत बसल्या. आपल्याकडे हिटर कशाला, असं आपण म्हणतो. पण पावसात बंद गाडीतल्या श्वासांची वाफ गार काचेवर बसते, आणि काच तापवून ती वाफ उडवायचं काम हिटरचं असतं. घाटात हे काम ब्रेकइतकंच महत्त्वाचं आहे.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर मामांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. पाणी काठोकाठ होतं. गाडी चालू केली आणि त्यांनी वरच्या रबरी पाइपवर तळहात ठेवला. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप, शाबूत असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो, मग झडप उघडली की एकदम चटका बसतो. हा पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला. मामांनी बोल्ट काढून थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. कधीतरी कुणीतरी काढून टाकला होता. "आपल्याकडे थंडी नाही, कशाला पाहिजे, असं म्हणून काढतात." इंजिन वर्षानुवर्षं अर्धवट तापून चाललं, जास्त पेट्रोल पीत राहिलं, आणि मालक काट्याचं कौतुक करत राहिले.

नवा थर्मोस्टॅट पेठेत तासाभरात मिळाला. इथं लेख संपायला हवा होता. खरी अडचण इथून सुरू झाली.

इंजिन पहिल्यांदाच पुरतं तापलं, हिटरचा वारा कडक आला आणि त्याच्यासोबत पाण्यातल्या कूलंटचा गोडसर वास. पायाशी चटई ओली. हिटर कॉईलचा म्हातारा सांधा इतकी वर्षं कोमट पाण्यावर तगला होता, गरम पाण्याचा दाब त्याला सोसेना. कॉईल काढायचं म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. दुसरा दिवस त्यातच गेला. उन्हानं प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं. मामा प्रत्येक खटका नखानं चाचपून सोडवत होते, तरी दोन तुटले. मागे वायरींचा गुंता, कुणी म्युझिक सिस्टिम बसवताना कापलेला, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला. तिथंच काचेच्या वाऱ्याचं उत्तरही सापडलं: दांडी आणि वाऱ्याची झडप जोडणाऱ्या केबलचं आवरण धरणारी क्लिप निसटली होती. दांडी ओढली की झडपेऐवजी आवरणच सरकायचं. क्लिप छोटीशी, पण तिच्यापर्यंत पोचायला दीड दिवस.

नवं कॉईल कुठल्याच दुकानात मिळालं नाही. सुदैवानं जुनं तांब्या-पितळेचं निघालं, म्हणून रेडिएटरवाल्यानं झाळून दिलं. ॲल्युमिनियमचं असतं तर तोही मार्ग बंद होता. शिवाय २०२२ च्या एप्रिलमध्येच पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. एवढं सगळं करून गाडी कोण ठेवील, असं मी विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही, त्यांच्या तोंडात स्क्रू होते.

मला काळजी वाटते ती मात्र वेगळ्या गोष्टीची. आज कित्येक गाड्यांत तापमानाचा काटाच नाही. निळा दिवा, लाल दिवा. जिथं काटा आहे तिथं तो अनेकदा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, चालक घाबरू नये म्हणून. साक्षीदारच मुका केला, तर त्याची उलटतपासणी करायला कोण शिकणार?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी बाहेर निघाली. काटा सावकाश चढला आणि मध्याच्या किंचित खाली थांबला. सरांनी गाडी लगेच कडेला घेतली. "मामा, तापली की हो!"

मामांनी खिडकीतून हात घालून दांडी काचेच्या खुणेवर सरकवली, सरांचा हात धरला आणि काचेखालच्या फटीवर उताणा ठेवला. वारा गरम होता, एकसारखा.

"दोघं एकच सांगतायत," मामा म्हणाले. "आता जा घाटात."