परदेशी यंत्र, जालन्याची माती

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात लहानपणापासून कानांवर पडते. व्यापार हा या गावाचा पिंडच. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ची स्थापना केली आणि जालन्याचे बियाणे देशभर गेले. पुढे लोखंडी सळयांचे कारखानेही उभे राहिले. अशा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला परदेशातून परस्पर यंत्र मागवावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय? ऐन हंगामात निंदणीला माणसे मिळत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर चीनमधले छोटेसे पॉवर वीडर दिसते आणि मोंढ्यातल्या दुकानापेक्षा स्वस्त दिसते. मधला दुकानदार नको, दलाल नको. पैसे धाडले की यंत्र दारात! हिशेब अगदी सोपा. पण बँकेत उमर गेलेल्या माणसाला इतका सोपा हिशेब दिसला, की आधी चष्मा पुसून घ्यावासा वाटतो.

ही मोकळीक तशी अलीकडची. एके काळी परकीय चलन मोजूनमापून मिळे आणि आयातीला परवाना लागे. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे संख्यात्मक निर्बंधही उठले. आता आयात-निर्यातीचा क्रमांक घरबसल्या मिळतो. पॅन क्रमांक हाच तो क्रमांक. दार उघडले हे चांगलेच झाले. मात्र उंबरठ्याची उंची पाहून पाऊल टाकावे.

पडद्यावर दिसते ती बहुधा तिकडच्या कारखान्यातली किंवा बंदरावरची किंमत. तिच्यात जहाजाचे भाडे आणि विमा मिळवायचा. त्या बेरजेवर सीमाशुल्क, त्यावर अधिभार आणि शेवटी जीएसटी. शेतीयंत्रांवरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा. पण न्हावा शेवाला माल सोडवणाऱ्या एजंटाची फी आणि जालन्यापर्यंतचा ट्रक राहतोच. लाकडी खोक्यावर कीडमुक्तीचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल, तर माल बंदरातच अडतो आणि तिथले भाडे दिवसागणिक चढते.

पैसे धाडण्याचीही रीत असते. सगळी रक्कम आगाऊ पाठवणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देणे. त्यापेक्षा बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट बरे. माल जहाजावर चढल्याची आणि ठरलेली बाकी कागदपत्रे बिनचूक आली, तरच विक्रेत्याला पैसे मिळतात. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : बँक कागद तपासते, गिअरबॉक्स नव्हे! म्हणून त्रयस्थ संस्थेने कारखान्यात यंत्र तपासल्याचा दाखला, ही अट त्या पत्रात घालून घ्यावी. आणि ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असा ई-मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. फसवणुकीची ही जुनी, हमखास चाल आहे.

समजा, यंत्र सुखरूप आले. आता खरी परीक्षा रानात. कापसाचेच पाहा. अमेरिकेत कापूस वेचणारी अवाढव्य यंत्रे फिरतात. पण तिथे झाड बेताच्या उंचीचे ठेवतात, बोंडे साधारण एकाच वेळी फुटतात आणि वेचणीपूर्वी औषध फवारून पाने गाळतात. आपली संकरित पऱ्हाटी ऐसपैस पसरते, टप्प्याटप्प्याने फुटते आणि तिच्या तीन-चार वेचण्या होतात. ते यंत्र इथे आणून करणार काय? प्रत्येक यंत्र जन्माला येताना आपल्या देशाचे शेत सोबत घेऊन येते. ओल्या काळ्या मातीचा चिखल त्याच्या पात्यांनी पाहिलेला नसतो.

आपल्याकडे ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच एका माणसाने ओळखली होती. विलायती नांगर बाजारात असताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत असल्याने पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि हा नांगर गावोगाव गेला. शेतकऱ्याला नांगराइतकाच नांगराचा फाळही हवा असतो, आणि तो पेरणीच्या आधी हवा असतो.

वाफसा आला की हाती मोजके दिवस असतात. त्यात एक पट्टा तुटला आणि तो समुद्रापलीकडून यायचा असला, तर यंत्र स्वस्त पडले की महाग? मोंढ्यातला दुकानदार चार पैसे जास्त घेतो, पण त्या चार पैशांत मोटारसायकलवरून बांधावर येणारा मिस्त्री धरलेला असतो. सरकारी अनुदानासाठी मध्य प्रदेशातल्या बुदनीसारख्या मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. परस्पर आणलेल्या यंत्राला तो कुठून मिळणार?

मग मागवूच नये का? तसे नाही. एकट्याने मागवू नये. २००२ च्या कायद्याने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची वाट खुली झाली. अशा कंपनीने आधी एकच यंत्र आणावे, हंगामभर आपल्या मातीत चालवावे आणि मगच पुढची मागणी नोंदवावी. पट्टे, सील, पाती त्याच मागणीत घ्यावीत. बेअरिंगचा क्रमांक आधी विचारून तो जालन्याच्या दुकानात मिळतो का, हे पाहावे. मग हीच यंत्रे औजार बँकेतून सभासदांना भाड्याने देता येतील.

शेवटी, या व्यवहारात पणाला काय लागते? पुष्कळदा घरातले सोनेच. ते तारण ठेवून पैसे उभे राहतात आणि ज्या बाईचे ते सोने, तिच्याच कमरेला निंदणीची कळ असते. चांगले यंत्र आले, तर तिची कंबर सुटेल. वाईट आले, तर सोनेही जाईल आणि खुरपे पुन्हा तिच्याच हाती येईल. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी तिला विचारावे. ती पहिला प्रश्न हाच करील, ‘बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार?’ याचे उत्तर जवळ असेल, तर खुशाल मागवा.