पक्ष्यांचे पाणी आणि डासांचे घर

उन्हाळा लागला की 'पक्ष्यांसाठी पाणी ठेवा' अशी आवाहने वर्तमानपत्रांतून येऊ लागतात आणि घरोघरी गच्चीवर, कुंपणाच्या भिंतीवर मातीचे परळ दिसू लागतात. ही फार चांगली गोष्ट आहे. आमच्याही अंगणात आंब्याखाली असा एक परळ कित्येक वर्षांपासून आहे. त्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवला, म्हणून आज त्याविषयी.

2019 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला कडक ताप, अंगदुखी आणि डोळ्यांमागे ठणका. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला. घरच्यांना हायसे वाटले आणि नेमके तेव्हाच पोट दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या. डेंग्यूत ताप उतरतानाचे दोन दिवसच अधिक जपायचे असतात. मुलाला जिल्ह्याच्या गावी हलवले. चार दिवस सलाईनवर काढून तो सुखरूप परतला.

तो तिकडे असतानाच आरोग्य विभागाचे कर्मचारी पाण्याची भांडी तपासत गल्लीत फिरत होते. आमची टाकी झाकलेली, पिंप कोरडे, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या. मी निर्धास्त होतो. इतक्यात त्यांच्यातल्या बाईंनी आंब्याखालच्या परळात टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, जरा इकडे या." पाण्यात अळ्या वळवळत होत्या. पावसाळ्यात पक्ष्यांना पाण्याची वानवा नसते, म्हणून परळाकडे आमचे लक्षच नव्हते. पावसाने तो आपोआप भरत होता.

त्या मुलाला चावलेला डास आमच्याच परळातला होता, असे कोणी सांगू शकणार नाही. नव्हता, असे मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पाणी कसे ठेवावे?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास घराजवळच्या साचलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेलगत चिकटतात आणि भांडे कोरडे पडले तरी काही महिने टिकतात. त्यामुळे पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही. पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून दोनदा परळ नारळाच्या शेंडीने खसखसून घासावा. आम्ही बुधवार आणि रविवार ठरवून टाकले आहेत.

परळ पसरट हवा, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको. मध्ये एक दगड ठेवला की लहान पक्ष्यांना बसता येते. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला लागून परळ ठेवू नये. गावाला जाताना आणि पावसाळाभर तो पालथा घालावा.

झाडे कोणती?

पक्ष्यांना बाग आवडावी यासाठी मोठी जागा लागत नाही. जास्वंद आणि अडुळसा यांच्या फुलांतला मध प्यायला शिंजीर येतो. शेवगा फुलला की त्याच्यावरही तो दिसतो. तुती आणि कढीपत्त्याची पिकलेली फळे बुलबुल आवडीने खातात. दाट वेल असली की लहान पक्ष्यांना आडोसा मिळतो. अडुळसा, शेवगा, कढीपत्ता ही घरच्याही उपयोगाची झाडे, म्हणजे एका जागेत दोन कामे.

मात्र बागेत कीटकनाशक फवारू नका. चिमणी दाणे खात असली तरी तिची लहान पिल्ले मुख्यतः किड्या-अळ्यांवरच वाढतात. किडे संपले की पिल्ले उपाशी राहतात. शिवाय घरात विषाची बाटली आली की ती पोरांच्या हाती लागण्याची भीती. चार पाने कुरतडलेली दिसली तर दिसू द्या. चिमण्यांसाठी लाकडी खोका लावायचा तर सव्वा इंचाचे भोक ठेवा आणि तो आठ-दहा फुटांवर, सावलीत टांगा.

दाणे जपून

दाण्यांचे ढीग टाकले की कबुतरे जमतात आणि रात्री उंदीर येतात. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकातोंडात जाऊन काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. कोरडा खोकला आणि धाप यांकडे दुर्लक्ष झाले तर फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. 2025 साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून झालेला वाद आपल्याला आठवत असेल. त्याच्या मुळाशी आरोग्याचाच प्रश्न होता. म्हणून दाणे मूठभरच, तेही सकाळी, आणि उरलेले संध्याकाळी उचलावेत. विष्ठा कोरडी झाडू नये. आधी पाणी मारावे, नाकाला रुमाल बांधावा.

मग हा खटाटोप कशाला?

माझे एक रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत. पत्नी गेल्यावर त्यांची झोप उडाली, जेवण कमी झाले. दर आठवड्याला नवी तक्रार घेऊन येत. तपासण्यांत काही सापडेना. मी त्यांना म्हटले, "गुरुजी, औषध देतो, पण अंगणात एक परळही ठेवा." आज त्यांची रक्तदाबाची गोळी चालूच आहे. पक्ष्यांनी ती बंद केली असे मी म्हणणार नाही. पण आता ते सहा वाजता उठतात, बादली घेऊन अंगणात जातात, वाकतात, झाडांना पाणी घालतात. परवा दवाखान्यात आले ते शिंप्याने जास्वंदीची पाने शिवून घरटे केल्याची बातमी सांगायला. रक्तदाब मोजायचा राहिलाच होता, तो मला आठवण करून मोजावा लागला.

तेव्हा वाचकहो, परळ जरूर ठेवा, पण शेजारी नारळाची शेंडीही ठेवा. आणि डेंग्यूच्या दिवसांत ताप आला तर ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. भरपूर पाणी प्या, डॉक्टरांना दाखवा आणि ताप उतरला म्हणून लगेच गाफील राहू नका.