दस का एक

निळसर सीरमच्या बाटल्या हल्ली गुरुग्रामच्या मॉलमध्ये मानाने मांडलेल्या असतात. 'सूक्ष्मशैवालातील नैसर्गिक अँटिऑक्सिडंट' असं वर छापलेलं. किंमत वाचली आणि हे पिकतं तरी कुठे, ते बघायला सोहन्यापलीकडच्या एका शेतावर गेले.

स्पिरुलिना या सूक्ष्मशैवालाच्या हौदापाशी आधी वास भेटतो, ओल्या गवताचा आणि किंचित मासळीचा. पाणी इतकं गडद हिरवं, की वीतभर खालचा तळ दिसत नाही. त्यात खायचा सोडा घालून सामू नऊ-दहाच्या घरात ठेवतात. एवढ्या खारात दुसरं फारसं काही तगत नाही. पाणी ढवळायला चाक, गाळायला कापड. मग लगदा सोऱ्यातून शेवेसारखा जाळीवर पाडायचा.

"दस का एक, दीदी," पाडणारा बिहारी भैया म्हणाला. दहा किलो लगदा वाळला की किलोभर उरतो. तोही उन्हात वाळवायचा नाही. उन्हात राहिलेली एक काडी त्याने मोडून दाखवली, पिवळट-करडी पडलेली. बाटलीतल्या ज्या निळ्या रंगद्रव्याचं, फायकोसायनिनचं, एवढं कौतुक, त्याला ऊनही सोसत नाही आणि उष्णताही.

माझं लक्ष त्याच्या बोटांवरच जात होतं. पेरापेराला भेगा. सोडा कातडी खातो म्हणे, आणि हातमोजे घालून कापड नीट पिळता येत नाही. रात्री सरसोंचं तेल चोळतो. हा लगदा कधी लावून पाहिलास का, विचारलं तर हसला. "वास जात नाही."

परीक्षानळीत फायकोसायनिन मुक्त कणांना आवरतं, हे खरं. पण बाहेरचं आत येऊ न देणं हेच तर त्वचेचं काम. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू तिच्यातून सहसा शिरत नाही, आणि हे प्रथिन लाखाच्या पुढचं. हिमॅटोकॉकस या दुसऱ्या शैवालाची गोष्ट जरा बरी. त्याला उपाशी ठेवून प्रखर उजेडात तापवलं, की ते अ‍ॅस्टॅझँथिनने लाल होतं. त्याचा रेणू सहाशेच्या आसपास, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळचा, आणि तेलात विरघळणारा. त्याच्या गोळ्या घेतलेल्यांच्या त्वचेचा ओलावा आणि बारीक सुरकुत्या थोड्या सुधारल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. तरी दिल्लीच्या उन्हात सनस्क्रीन सुटत नाही.

दस का एक, आणि त्या एकातलं बाटलीत किती, ते कुणी छापत नाही.

डिसेंबर-जानेवारीत इथलं पाणी गार पडतं, वाढ मंदावते. भैया तेव्हा गावी जातो. महिनाभर सोडा नाही, म्हणून बोटं तेवढी भरून येतात.