पाचशे सदतीस

हातात भिंग धरून, डोळे वटारून न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग एका मतपत्रिकेकडे बघताहेत, हा ब्रोवर्ड काउंटीतला फोटो नोव्हेंबर २००० मध्ये जगभर छापून आला. ते शोधत होते कागदाची एक कपची. फ्लोरिडाच्या अनेक काउंट्यांत तेव्हा मत द्यायचं म्हणजे टोच्याने पत्रिकेला भोक पाडायचं. कपची सुटून पडली तर मत. एका कोपऱ्याला लोंबकळत राहिली किंवा नुसताच खळगा पडला, तर वकील.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राज्याचा निकाल: बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. फरक ५३७. एवढी माणसं लग्नाच्या एखाद्या मध्यम हॉलमध्ये पहिल्या पंगतीलाच उठतात. राज्यात साठेक लाख मतं पडली होती, म्हणजे दर अकरा हजारांमागे एका मताने अमेरिकेचा अध्यक्ष ठरला. देशभरच्या बेरजेत गोर पाच लाख चाळीस हजारांहून जास्त मतांनी पुढे होते, पण तिथे अध्यक्ष निवडतात ती राज्यवार मतं. ती झाली २७१ विरुद्ध २६६.

मतदानाच्या, म्हणजे ७ नोव्हेंबरच्या रात्रीचं तर बोलायलाच नको. टीव्हीवाल्यांनी आठच्या आत फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकलं, दहाच्या सुमारास परत घेतलं, मध्यरात्रीनंतर दोनच्या पुढे बुश यांना दिलं आणि पहाटे तेही परत घेतलं. टीव्हीला बरं असतं, पट्टी बदलली की झालं. नाइट शिफ्टला पान सोडणाऱ्याला ती सोय नाही, गाडी निघून गेलेली असते. ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने ‘बुश जिंकले!’ छापलं. खुद्द फ्लोरिडातल्या ‘ऑर्लँडो सेंटिनल’ने एका रात्रीत चार मथळे बदलले. मराठीत सांगायचं तर आधी ‘अगदी थोडक्यात’, मग ‘बुशच’, मग ‘बुशच का?’ आणि शेवटी ‘वाद’. मला विचाराल तर त्या रात्रीची सगळ्यात प्रामाणिक बातमी या चार मथळ्यांत आहे, फक्त चारही एकाखाली एक ठेवून वाचायला हवेत.

१२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फ्लोरिडातल्या मतांच्या फेरमोजणीवर पडदा टाकला. वर्तमानपत्रांचं काम मात्र तिथून पुढे सुरू झालं. फ्लोरिडात मतपत्रिका सार्वजनिक दस्तऐवज असतात. कुणीही मागून बघाव्यात, हात मात्र निवडणूक कर्मचाऱ्यानेच लावायचा. ‘मायामी हेराल्ड’ आणि ‘यूएसए टुडे’ यांनी हिशेबनीसांची फर्म लावून, यंत्राने कोऱ्या ठरवलेल्या ६४,२४८ पत्रिका तपासून घेतल्या. एप्रिल २००१ मध्ये निकाल आला. सगळ्यात सैल नियम लावला, खळगासुद्धा मत धरला, तर बुश १,६६५ मतांनी पुढे. सगळ्यात कडक नियम लावला, आरपार भोकच हवं म्हटलं, तर गोर पुढे. कितीने? तीन मतांनी. गंमत अशी, की सैल नियमासाठी भांडत होते गोर यांचे वकील आणि कडक नियमासाठी बुश यांचे.

त्याहून मोठा घाट आठ माध्यमसंस्थांनी मिळून घातला. त्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘वॉशिंग्टन पोस्ट’, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’, एपी, सीएनएन असे एकमेकांच्या बातम्या पळवणारे लोक होते. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन केंद्राला काम दिलं. ६७ काउंट्या, १,७५,०१० पत्रिका. एकट्या माणसाने प्रत्येक पत्रिकेला एक मिनिट देऊन, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता बसायचं ठरवलं तर बरोबर एक वर्ष लागेल. इथे तर कोऱ्या ठरलेल्या बहुतेक पत्रिका तीन-तीन जणांनी स्वतंत्रपणे बघितल्या: कर्मचारी पत्रिका वर धरणार, समोरचे तिघे आपापल्या तक्त्यावर खूण करणार. खर्च दहा लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे पत्रिकेमागे पाच-सहा डॉलर.

आता आकडे बघा. गोर यांनी मागितलं होतं तसं फक्त चार काउंट्यांत मोजलं, तर बुश २२५ ने पुढे. फ्लोरिडाच्या न्यायालयाच्या आदेशाने काउंट्या जसं मोजणार होत्या तसं मोजलं, तर बुश ४९३ ने. आणि राज्यभरातल्या सगळ्याच बाद पत्रिका, दोन नावांवर भोक पडलेल्यासुद्धा, मोजल्या तर गोर पुढे: एका नियमाने ६०, दुसऱ्याने १७१. पण सगळ्या मोजा, अशी मागणी कुणी कोर्टात लावूनच धरली नव्हती.

सगळ्यांच्या टेबलावर एकच तक्ता होता. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा मथळा: फेरमोजणी बुश यांच्याच बाजूने गेली असती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा: निर्णायक मत न्यायमूर्तींनी टाकलं नव्हतं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नेही सर्वोच्च न्यायालयाच्या मदतीविनाच बुश यांना जिंकवलं. तीनही मथळे खरे; गोर यांच्या आघाडीचे आकडे आत, मजकुरात. काय झालं असतं आणि लोकांना काय हवं होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मथळ्यात जागा एकालाच होती.

‘पाम बीच पोस्ट’ने याआधीच एक बारकी मोजणी केली होती. पाम बीच काउंटीतल्या पत्रिकेवर नावं दोन्ही बाजूंना आणि भोकं मधल्या एकाच रांगेत. गोर आणि आणखी एक उमेदवार ब्युकॅनन अशी दोन्ही भोकं पाडून बाद झालेल्या पत्रिका निघाल्या ५,३३०. म्हणजे अख्ख्या राज्याच्या फरकाच्या जवळपास दहापट, एका काउंटीत. त्यात ना खळग्याचा वाद ना कोपऱ्याचा, भोकं स्वच्छ आरपार. भिंगाचा काही उपयोग नाही.

आठ संस्थांचा अहवाल सप्टेंबरमध्येच यायचा होता. ११ तारखेच्या हल्ल्यानंतर तो पुढे ढकलला आणि अखेर १२ नोव्हेंबर २००१ च्या सकाळी छापून आला. त्याच सकाळी सव्वानऊच्या सुमाराला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एक प्रवासी विमान कोसळलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानांवर त्याचीच बातमी होती. मृतांचा आकडा शेवटी २६५ वर थांबला. त्यावर कुणाचा वाद नव्हता.