लॅपटॉप थिजतो तेव्हा

‘संगणक हँग झाला’ हे वाक्य आपल्या महाविद्यालयात दिवसातून एकदा तरी कानावर पडते. वाक्य एकच, पण त्यामागची दुखणी निरनिराळी असतात. दुखणे न ओळखता औषध केले तर खिसा रिकामा होतो आणि दुखणे जागच्या जागी राहते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि लिनक्सवर चालणारा लॅपटॉप अधूनमधून थिजू लागला तर त्याचे कारण आपल्या जमाखर्चाच्या पद्धतीनेही शोधता येते, असा माझा अनुभव आहे. तोच येथे मांडतो.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. लिनस टॉरवाल्ड्स ह्या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने वयाच्या २१ व्या वर्षी ह्या प्रणालीची घोषणा केली. गोव्याला हे नाव नवे नाही. ह्या शतकाच्या आरंभी ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशातून आलेले जुने संगणक लिनक्सच्या साहाय्याने आपल्या शाळांत चालते केले होते. आता पुन्हा तशीच वेळ आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर चढत नाही. डिचोली-पेडण्याच्या ज्या घरांत थोरल्याचा लॅपटॉप धाकटीकडे येतो, तेथे लिनक्स हाच परवडणारा मार्ग उरतो. अशा घराला ‘नवा घ्या’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. यंत्र थिजले की बंद करण्याचे बटण दाबण्यापूर्वी दोन मिनिटे थांबावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात. माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉकचे बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ ही बटणे एकत्र दाबल्यावर काळा पडदा व प्रवेशाची ओळ दिसते का?

काळा पडदा आला, तर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, जिवंत आहे. केवळ चित्र दाखवणारा भाग अडकला आहे. अशा वेळी संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्यावा. बाण धक्के खात हलतो आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो, तर स्मृती, म्हणजे रॅम, पुरत नाही असे समजावे. दिवा, बाण, पडदा काहीच हलत नसेल, तर मात्र गाभाच थांबला असण्याचा संभव अधिक. यंत्र थिजण्याऐवजी एकदम बंद पडत असेल, तर तो प्रकार निराळा. तेथे उष्णतेकडे पाहावे. आपल्याकडची तांबडी धूळ पंख्यात बसली की हवा खेळत नाही, प्रोसेसर आधी मंदावतो आणि तापमान फारच चढले तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. विजेच्या दाबालाही ऊठसूट दोष देऊ नये. बॅटरी धड असेल तर पावसाळ्यातील वीज गेली-आली तरी लॅपटॉपला त्याचा पत्ता लागत नाही. बॅटरी मेलेली असेल तरच तो संशय धरावा.

रॅम अपुरी पडण्याचा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या दुकानाचा गल्ला लहान आणि गिऱ्हाइके फार, अशी स्थिती कल्पावी. एक माल काढायचा तर दुसरा आत गुदामात न्यावा लागतो, आणि तोच माल पुढच्या क्षणी पुन्हा मागितला जातो. दुकानदार सारखा धावतो, पण विक्री शून्य. जागा संपली की लिनक्सही चालू कार्यक्रमांचेच काही भाग रॅममधून काढते आणि लगेच डिस्कवरून परत वाचते. आपल्याला वाटते यंत्र मेले. वास्तविक ते धावून धावून दमलेले असते.

पेडणे तालुक्यातील माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या लॅपटॉपची हीच अवस्था होती. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत जवळ आलेली, आणि अर्ज अर्धा भरला की यंत्र थिजे. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नऊ हजारांचा आकडा काढला होता. आम्ही तिची एक जुनी वही घेतली आणि रोजकीर्द घातली. तारीख, वेळ, काय चालू होते, चार्जर लावला होता की नाही, बाण हलत होता का, असे पाच रकाने. सहा नोंदी होताच चित्र स्पष्ट झाले. सहाही वेळा ब्राउझरमध्ये पंधराहून अधिक पाने उघडी होती, आणि सहाही वेळा बाण धक्के खात हलत होता. रॅम ४ जीबी, आणि ती भरल्यावर माल ठेवण्याची डिस्कवरील जागा, जिला स्वॅप म्हणतात, ती शून्य. आम्ही ४ जीबीची स्वॅप फाईल केली आणि रॅम संपत आली की सर्वांत जड कार्यक्रम वेळीच बंद करणारे ‘अर्लीओओएम’ बसवले. खर्च शून्य रुपये. अर्ज मुदतीत गेला.

वहीला यंत्राच्या स्वतःच्या नोंदींची जोड द्यावी. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा ‘बी उणे एक’ ह्या खुणेसह दिली, की मागच्या वेळी यंत्र चालू असतानाची नोंद दिसते. ती इंग्रजीत असते. घरी कन्नड आणि शाळेत मराठी शिकलेल्या माझ्यासारख्याला ती प्रथम भिववते. पण शेवटच्या वीस-तीस ओळींत ‘आउट ऑफ मेमरी’, ‘जीपीयू हँग’, ‘आय-ओ एरर’ असे शब्द शोधले तरी पुरते. पहिला रॅमकडे, दुसरा ग्राफिक्सकडे, तिसरा डिस्ककडे बोट दाखवतो. काहीच न सापडणे हाही पुरावाच होय: गाभा एकाएकी थांबला तर शेवटची ओळ लिहायलाही कोणी उरत नाही. मग ‘मेमटेस्ट’ने रात्रभर रॅम तपासावी, आणि प्रोसेसरच्या झोपेचा विचार करावा.

झोपेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. इंटेलच्या ‘बे ट्रेल’ ह्या स्वस्त प्रोसेसरांवर लिनक्स अवचित थिजते, अशी तक्रार २०१५ साली कर्नलच्या दोषनोंदणीत १०९०५१ ह्या क्रमांकाने दाखल झाली. नंतर कितीतरी लोकांनी तेथे आपापले अनुभव लिहिले. काम नसताना वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर गाढ झोपेत जाई आणि तेथेच अडके. गाढ झोपेला मनाई करणारा एक शब्दसमूह सुरू होतानाच्या सूचनेत घातला की थिजणे थांबे. बॅटरी मात्र लवकर उतरे. कारण उमगले ते अनेकांच्या नोंदी एकत्र आल्यामुळे.

उपाय करताना एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले तर कोणता लागू पडला हे कधीच कळत नाही. आणि उपाय लागू पडला असे केव्हा म्हणावे? येथे आपल्या संख्याशास्त्राच्या तासाचा उपयोग होतो. सरासरी आठवड्याला एकदा, कोणत्याही ठरावीक वेळेविना थिजणारे यंत्र काहीही न करता एक आठवडा सुरळीत चालण्याची शक्यता, पॉयसनच्या सूत्राप्रमाणे, सुमारे ३७ टक्के असते. तीन आठवड्यांची शक्यता सुमारे ५ टक्के. म्हणून एका शांत आठवड्यावर आनंद मानू नये. तीन आठवडे वही कोरी राहिली, तर विश्वास ठेवायला हरकत नाही. दिवसातून दोनदा थिजणाऱ्या यंत्राला मात्र दोन दिवसही पुरेत.

तोवर काम सांभाळावे कसे? महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर आधी घ्यावी. यंत्र थिजलेच, तर आल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबावीत. एसने हातचे लिखाण डिस्कवर उतरते, यूने डिस्कवर पुढे लिहिणे थांबते आणि बीने यंत्र पुन्हा सुरू होते. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही लागते, आणि गाभाच मेला असेल तर ह्याचा उपयोग होत नाही. पण तोडून बंद करण्यापेक्षा हा मार्ग बरा.

‘अचानक’ हा शब्द बहुतेक वेळा आपण नोंद ठेवली नसल्याचाच दर्शक असतो. वही पाहूनही उलगडा झाला नाही, तर तीच घेऊन दुरुस्तीला जावे. पाच रकाने समोर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला मदरबोर्ड गेल्याचे सांगण्यापूर्वी कोणीही दोनदा विचार करील.