डांबर लांबचं, विहीर जवळची

मे संपता संपता तारकर्लीच्या वाळूत पायाला डांबर चिकटायला लागलं की बोट लगेच बंदरातल्या ट्रॉलरकडे वळतं. इंजिनाचं जळकं तेल यांनीच ओतलं! थोडं ओततही असतील. पण हे गोळे मुख्यतः खोल समुद्रातून येतात. तेलवाहू जहाजं टाक्या धुतात, कुठे तेल सांडतं. त्यातला हलका भाग उडून जातो, जड भाग लाटांत घुसळून घट्ट होतो आणि नैर्ऋत्येचा वारा तो किनाऱ्याला आणून टाकतो. म्हणूनच ते पावसाळ्याच्या तोंडावर, थेट गुजरातपासून गोव्यापर्यंत दिसतात. किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांच्या आत तेलवाहू जहाजाने टाकीचं तेलकट पाणी सोडू नये, हा मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम 1983 पासून लागू आहे. पण भर समुद्रात रात्री पाहायला जातो कोण? सप्टेंबर 2022 मध्ये विजयदुर्गसमोर डांबर घेऊन निघालेलं ‘पार्थ’ जहाज बुडालं, त्याची बातमी झाली. दरवर्षीच्या गोळ्यांची होत नाही.

विहिरीचं मात्र उलटं. पाण्याला वास आला की दोष पावसाला. ‘आमचा संडास सेप्टिक टँकचा आहे, मैला बाहेर जातोच कुठे?’ जातो. टाकीत फक्त गाळ खाली बसतो. वरचं पाणी जंतू आणि विरघळलेला नत्र घेऊन शोषखड्ड्यातून जमिनीत उतरतं. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या पट्टीत ती जमीन म्हणजे निव्वळ वाळू, नि पाणी हाताशी. वरच्या गावांत जांभा, तोही भोकाभोकांचा. खड्डा आणि विहीर एकाच परसात, आणि पर्यटकांसाठी खोल्या वाढल्या की खड्ड्यावरचा भारही वाढतो.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘आम्ही उकळून पितो.’ जंतूंसाठी ते उत्तमच. पण नत्राचं नायट्रेट झालेलं असतं आणि ते उकळून जात नाही. पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण उलट थोडं वाढतं. जंतुनाशक टीसीएल पावडरचाही त्यावर उपयोग नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात त्याहून जास्त नायट्रेटचं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळसर पडू शकतं. त्यामुळे विहिरीचं पाणी तपासायला देताना जंतूंबरोबर नायट्रेटही तपासा, असं सांगावं लागतं.

 

राहिली हवा. समुद्राचा वारा सगळं उडवून नेतो, ही समजूत दुपारपुरती खरी. रात्री वारा जमिनीकडून वाहतो, तोही मंद, आणि थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही. नेमका तेव्हाच परसात चुडतांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या पेटवल्या जातात. अशा कमी तापमानाच्या, धुमसत्या आगीत डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात आणि धूर वाडीतच बसून राहतो.