जुने घर आणि भूम्यलीक

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील एल्महर्स्ट ही नानाभाषी वस्ती. येथील जैन मंदिरात श्वेतांबर व दिगंबर उपासना एकाच वास्तूत चालते. साहजिकच, मंदिरापासून पायी अंतरावरचे एखादे जुने एककुटुंबी घर विक्रीस निघाले, की श्रावक कुटुंबांतील वृद्धांना त्याची ओढ लागते; आणि ओढ लागली की भिंतींची ओल दिसत नाही.

हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गणलेल्या पाच स्थूल असत्यांपैकी एक ‘भूम्यलीक’, म्हणजे जमीनजुमल्याविषयीचे असत्य. न्यूयॉर्क राज्यात विक्रेत्याने घराचे ज्ञात दोष लेखी कळवावेत असा नियम आहे. मात्र ५०० डॉलर्सची सूट देऊन तो टाळता येई. मार्च २०२४ पासून ही पळवाट बंद झाली. चांगलेच झाले.

खरा मोह तळघराचा. ‘भाड्यातून हप्ता निघेल’ असे खरेदीदारास सुचवले जाते. परंतु एका कुटुंबासाठी नोंदलेल्या घराच्या तळघरात वेगळे बिऱ्हाड ठेवणे बेकायदा ठरते. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात क्वीन्समधील अशाच तळघरांत माणसे बुडून मरण पावली. म्हणून विसार देण्यापूर्वी भोगवटा दाखला पाहावा. १९३८ पूर्वीच्या घरास तो असेलच असे नाही. तेव्हा शहराच्या इमारत विभागातील नोंद तपासावी.